आधी पुस्तकांना जागा द्या, मग वारसा सांगा

गिरगावच्या साहित्यिक वारशाचा गौरव आता पुरे झाला. ज्यांच्या डोळ्यांदेखत हा वारसा मोडला, तेच तो गौरव करत आहेत. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत ग्रंथदिंडी निघते. मराठी भाषा गौरव दिनाला कुसुमाग्रजांच्या तसबिरीला हार पडतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा पेढे वाटले गेले. हे सगळे साजरे करणाऱ्यांनी याच काळात वाडीतले वाचनालय मरू दिले, इमारतीच्या पुनर्विकासात पुस्तकांसाठी एक खोली मागितली नाही आणि आईवडिलांच्या मागे राहिलेले मासिकांचे बांधीव खंड रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवले. अशा लोकांचा वारशावर हक्क नाही, असे मी स्पष्ट म्हणतो.

मी याच गल्ल्यांत वाढलो. त्यामुळे चाळीच्या गॅलरीचे, दिवाळीच्या कंदिलांचे आणि पापलेटच्या वासाचे गोडवे मला कोणी ऐकवू नयेत. त्या गोडव्यांखाली मूळ गोष्ट गाडली गेली आहे. गिरगावचा वारसा म्हटला की लेखकांच्या जन्मस्थळांची यादी वाचली जाते. विजय तेंडुलकर १९२८ साली गिरगावात जन्मले, पु. ल. देशपांडे १९१९ साली शेजारच्या गावदेवीत. यादी खरी आहे, पण लेखक कुठेही जन्माला येतो. गिरगाव, ठाकुरद्वार, काळबादेवी या पट्ट्याने त्याहून अवघड काम केले. इथे मराठी पुस्तक तयार होत असे. ते लिहिले जाई, खिळे जुळवून छापले जाई, शिवले जाई, विकले जाई आणि वाचलेही जाई. ही सारी माणसे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. असा पट्टा उभा करायला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला.

या शहरात तो पाया कसा घातला गेला ते पाहा. १८३१ साली गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. १८६३ साली गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. मुंबईवरचे पहिले सविस्तर पुस्तक इंग्रज अधिकाऱ्याने नाही, मराठी शिक्षकाने मराठीत लिहिले, आणि ते इंग्रजीत यायला २००८ साल उजाडले. १८६७ साली प्रार्थना समाज स्थापन झाला. त्याचे मंदिर गिरगावात उभे राहिले आणि १८७३ पासून त्याची ‘सुबोधपत्रिका’ निघू लागली. त्याच १८६७ साली मुंबईत ‘विविधज्ञानविस्तार’ सुरू झाले. त्याचे संपादक रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांनी ‘मोचनगड’ लिहिली आणि मराठीला पहिली ऐतिहासिक कादंबरी मिळाली.

या साखळीतला सर्वांत मोठा माणूस लेखक नव्हता. जावजी दादाजी चौधरी हा गरीब घरातला, जेमतेम शिकलेला मुलगा अमेरिकन मिशनच्या छापखान्यात पोरवयात कामाला लागला. तिथे तो खिळे पाडण्याची विद्या शिकला, १८६४ साली त्याने स्वतःचा टाइपाचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना उभा केला. काळबादेवीच्या कोलभाट गल्लीतल्या या छापखान्याचे देवनागरी खिळे देशभर गेले. राणोजी रावजी आरू या कारागिराने ते अक्षर घडवले. ‘काव्यमाला’ या मालेत निर्णयसागरने दुर्मीळ संस्कृत काव्ये इतक्या शुद्ध स्वरूपात छापली की जगभरचे संस्कृत अभ्यासक आजही त्या आवृत्त्यांचा आधार घेतात. विनायक कोंडदेव ओकांचे मुलांसाठीचे ‘बालबोध’ मासिक १८८१ साली इथूनच निघाले. गिरगावातल्या कुठल्याही शाळेत जा आणि दहावीच्या वर्गाला जावजी दादाजी कोण म्हणून विचारा. मुलांना उत्तर आले नाही तर त्यांना बोल लावू नका. त्यांच्या शिक्षकांना विचारा, आणि मग शाळेच्या विश्वस्तांना विचारा.

१९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. दिवाळीला फराळाच्या ताटाबरोबर अंक विकत घ्यायची मराठी रीत या अंकापासून पडली. १९३५ साली मुंबई मराठी साहित्य संघ स्थापन झाला. डॉ. अ. ना. भालेराव या डॉक्टरांनी आयुष्य झिजवून त्याला नाटकाचे घर करायचे ठरवले आणि केळेवाडीत १९६४ साली त्यांच्या नावाचे नाट्यगृह उभे राहिले. १९४२ साली केशवराव कोठावळ्यांनी गिरगावात मॅजेस्टिक बुक स्टॉल काढला. शेजारच्या ज्या मॅजेस्टिक सिनेमात १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा भारतातला पहिला बोलपट लागला होता, त्याचेच नाव या दुकानाने घेतले. या दुकानातून प्रकाशनसंस्था निघाली आणि जानेवारी १९६४ मध्ये ‘ललित’ निघाले. केवळ पुस्तकांविषयीचे हे मासिक होते आणि त्यातल्या ‘ठणठणपाळ’ या सदरातून जयवंत दळवी दर महिन्याला मोठमोठ्या साहित्यिकांची हजेरी घेत. एका पुस्तकविक्रेत्याने हे सारे केले. कोणत्याही सरकारी समितीने त्याला सांगितले नव्हते.

आणि गिरगावातली खटाववाडी. मौज प्रकाशन गृह, मौज प्रिंटिंग ब्यूरो आणि ‘सत्यकथा’ मासिक. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांनी मराठी लेखकाला पुनर्लेखनाची सवय लावली. हस्तलिखित परत जाई, सोबत पत्र जाई, लेखक पुन्हा बसे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली मौजेने पुस्तकरूपात आणली. दुष्काळी माणदेशातले धनगरांचे खेडे गिरगावातल्या छापखान्यातून महाराष्ट्राला भेटले. १९५८ साली याच घरातून पु. लं.ची ‘बटाट्याची चाळ’ आली. एका वाडीतली काही माणसे काय उभे करू शकतात याचा हा पुरावा आहे. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडले.

आता मी या वारशाची दुसरी बाजू सांगतो. गौरव करणारे ती झाकतात. खटाववाडीचा दरवाजा सर्वांसाठी सारखा उघडा नव्हता. १९६३ साली अशोक शहाणे यांनी ‘मनोहर’ या नियतकालिकात लेख लिहून प्रस्थापित मराठी वाङ्मयाचे वाभाडे काढले. १९६९ साली राजा ढाले यांनी ‘सत्यकथेची सत्यकथा’ लिहून या मासिकाची अभिरुची कोणाची आहे हे विचारले. लघुअनियतकालिकांनी सायक्लोस्टाइलवर, मिळेल त्या कागदावर नवी मराठी छापली. गिरगावापासून चालत अर्ध्या तासाच्या आत गोलपिठा आहे. त्या वस्तीचे नाव घेऊन नामदेव ढसाळांचा कवितासंग्रह १९७२ साली आला. त्याला प्रस्तावना लिहिली गिरगावात जन्मलेल्या तेंडुलकरांनी, आणि त्यासाठी त्यांना ढसाळांबरोबर त्या वस्तीत हिंडावे लागले. इतक्या जवळची माणसे मराठी मध्यमवर्गाला ठाऊक नव्हती. परळ-लालबागच्या गिरणगावातून नारायण सुर्वे आले. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२ साली आणि ‘माझे विद्यापीठ’ १९६६ साली. बाबुराव बागुलांचे ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ साली आले.

ढाले, ढसाळ, सुर्वे यांना वगळून जो कोणी गिरगावचा वारसा सांगतो, तो आपल्या जातीची आणि आपल्या मजल्याची आठवण सांगतो. हे शहर मराठी वाङ्मयाचे केंद्र झाले, कारण इथे छापणारेही होते आणि छापलेल्यावर तुटून पडणारेही होते. भांडायला सत्यकथा होती म्हणून राजा ढाले भांडू शकले. आज भांडायलासुद्धा समोर संस्था उरलेली नाही, आणि ही अवस्था मला कुठल्याही जुन्या पक्षपाताइतकीच घातक वाटते.

हे का मोडले? गिरगावात याची तयार उत्तरे मिळतात. परप्रांतीय आले, बिल्डर आले, इंग्रजी शाळा आल्या. ही उत्तरे सोयीची आहेत, कारण त्यांत आपण कुठेच नसतो. पागडीची खोली कोणी बळजबरीने घेतली नाही. ती आपण विकली. बोरिवली, डोंबिवली, ठाण्याला जाण्यात काही पाप नव्हते. दीडशे-दोनशे चौरस फुटांत दहा माणसे राहत, सामाईक संडासासमोर रांग लागे, आणि त्या हालांना आठवणींचा मुलामा चढवणाऱ्यांचा मला संताप येतो. ज्याला मोठे घर मिळाले त्याने जायलाच हवे होते. पण जाताना आपण ज्या वाचनालयाचे वर्गणीदार होतो, ज्या संघाचे सभासद होतो, ज्या दुकानातून दिवाळी अंक घेत होतो, त्यांच्याशी असलेला व्यवहारही आपण संपवला. व्यावसायिक नाटके प्रेक्षकांमागोमाग पार्ले, बोरिवली, ठाण्याकडे गेली. खिळ्यांची छपाई ऑफसेटने संपवली. जुळारी, बाईंडर, मुद्रिते तपासणारे विखुरले. तंत्र बदलते, ते थांबवता येत नाही. पण तंत्र बदलल्यावर त्या जागेत नवे तंत्र घेऊन कोणी बसेल याची तजवीज करता येते, आणि ती आपण केली नाही.

दक्षिण मुंबईतल्या एका पुनर्विकासाच्या बैठकीला मी बसलो होतो. इमारतीचे नाव सांगत नाही. तळमजल्यावर जुने वाचनालय होते. मोटारी कुठे लावायच्या, जिम कोणत्या मजल्यावर, देव्हारा कोणत्या दिशेला, यावर हमरीतुमरी झाली. वाचनालयाचा विषय शेवटी निघाला तेव्हा एक सभासद सेक्रेटरींना म्हणाले, “अहो काका, आता सगळं मोबाईलवर मिळतं. कशाला जागा अडवायची?” कोणी हरकत घेतली नाही. मी घेतली, ती इतिवृत्तात आली नाही.

सगळे मोबाईलवर मिळते हे धादांत खोटे आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची १९४३ साली प्रसिद्ध केली आणि १९३८ ते १९५० ची सूची १९६१ साली. ती हातात घ्या आणि कोणतेही पान उघडून दहा पुस्तके मोबाईलवर शोधून दाखवा. जी सापडतील ती बहुधा कुठल्या तरी ग्रंथालयाने प्रत जपली आणि कोणीतरी ती स्कॅन केली म्हणून सापडतील. १ ऑगस्ट १८९८ रोजी स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय नसते, १९४८ साली अ. का. प्रियोळकरांच्या हाती सोपवलेले त्याचे मराठी संशोधन मंडळ नसते, तर मराठी मुद्रणाच्या पहिल्या काळातली पुस्तके वाळवीच्या पोटात गेली असती. मोबाईलवर आपोआप काही उगवत नाही. आधी कपाट लागते आणि कपाटाला खोली लागते.

वारशाला जागा कशी राखावी आणि कशी राखू नये, हे दूरच्या एका उदाहरणातून पाहा. ब्राझीलच्या किनाऱ्यावरचे इल्हेउस हे गाव मुंबईच्या मानाने अगदी लहान. कोकोच्या बागांवर ते मोठे झाले. जॉर्ज अमादू या कादंबरीकाराचे बालपण तिथे गेले आणि त्याच गावावर त्यांनी ‘गाब्रिएला’ लिहिली. साल १९५८, म्हणजे ‘बटाट्याची चाळ’चेच. १९८९ नंतर बुरशीच्या रोगाने कोकोच्या बागा बसल्या, जसा आपल्याकडे १९८२ च्या संपानंतर गिरणगाव बसला. त्या गावाने अमादूंचे घर सांस्कृतिक केंद्र म्हणून राखले आणि कादंबरीतले व्हेसुव्हियो उपाहारगृह चालू ठेवले. त्याच बाहिया राज्याची राजधानी साल्व्हादोर. तिथल्या पेलोरिन्यो या जुन्या वस्तीत १९८७ साली अमादूंच्या कागदपत्रांची, हस्तलिखितांची संस्था उघडली. ती वस्ती १९८५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. पण तिथला धडाही लक्षात ठेवा. १९९० च्या दशकात सरकारने पेलोरिन्यो रंगवून काढले आणि तिथल्या हजारो गरीब, बहुतांश कृष्णवर्णीय रहिवाशांना बाहेर काढले. अमादूंनी ज्यांच्यावर लिहिले तीच माणसे गेली आणि पर्यटकांसाठी रंगीत भिंती उरल्या. म्हणून मला गिरगावात संग्रहालय नको, पुतळा नको, ‘साहित्य पथ’ नावाची फरसबंदी नको. इथे पुन्हा पुस्तक तयार व्हायला हवे आणि वाचले जायला हवे.

चर्नी रोडला मराठी भाषा भवनाचे भूमिपूजन २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला झाले. केळेवाडीतला साहित्य संघ तिथून काही मिनिटांच्या अंतरावर आहे. मेट्रो ३ चे गिरगाव स्थानक ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाले; आता ‘गिरगाव लांब पडते’ ही सबबही उरलेली नाही. भवने बांधायला, स्थानके खोदायला पैसा मिळतो. ग्रंथालयाला मिळत नाही, कारण ग्रंथालयाची फीत एकदाच कापता येते आणि पगार दर महिन्याला द्यावा लागतो.

आता कायद्याचे बोलू. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे. त्याने ग्रंथालय निधीसाठी शासनावर घातलेली किमान जबाबदारी वर्षाला २५ लाख रुपयांची आहे. अर्थसंकल्पात प्रत्यक्ष रक्कम त्याहून पुष्कळ मोठी असते, पण ती सरकारच्या मर्जीवर असते आणि ग्रंथपालाचा संसार त्या मर्जीवर चालतो. मद्रास प्रांताने १९४८ च्या कायद्यात ग्रंथालय उपकर आणला, कर्नाटकाने १९६५ च्या कायद्यात आणला. आपण त्यांच्यानंतर कायदा केला आणि उपकर वगळला. तमिळ आणि कन्नड माणसाच्या भाषाप्रेमाचे दाखले इथे भाषणांत दिले जातात. त्यांनी प्रेमासाठी मालमत्ताकरात पैसे मोजले, हे मात्र कोणी सांगत नाही. गिरगावकराला तर उपकर नवा नाही. जुन्या चाळींच्या दुरुस्तीसाठी तो १९६९ च्या कायद्यापासून उपकर भरत आला आहे. भिंतींसाठी भरतो, तो पुस्तकांसाठीही भरेल.

दुसरे, पुनर्विकास. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली एकेक जुनी उपकरप्राप्त इमारत आणि ३३(९) खाली इमारतींचे समूह पाडून मनोरे उभे राहत आहेत. ३३(७) मध्ये जुन्या बिगरनिवासी भाडेकरूला नव्या इमारतीत त्याच्या क्षेत्राएवढी जागा मिळते. पण मनोऱ्याचा मासिक देखभाल खर्च वर्गणीवर चालणारे वाचनालय कुठून देणार? छोटा प्रकाशक कुठून देणार? म्हणून अशा प्रकल्पांत खालच्या मजल्यावर ग्रंथालय, पुस्तकविक्री, प्रकाशन किंवा तालमीसाठी जागा राखणे बंधनकारक करा, तिचा देखभाल खर्च प्रकल्पाच्या कायम निधीतून भरा, आणि ती जागा दुसऱ्या कामाला वापरली तर महापालिकेने परत घ्यावी. बिल्डरला अधिकचे चटईक्षेत्र देताना हात आखडत नाही. मोबदल्यात एवढे मागताना जीभ का अडखळते?

तिसरे, जुनी नियतकालिके. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. ‘विविधज्ञानविस्तार’ आणि ‘मनोरंजन’चा फार मोठा भाग त्यामुळे कधीच मोकळा झाला आहे. त्यांचे सर्व अंक, एकही न वगळता, नीट स्कॅन होऊन शोधता येतील अशा रूपात फुकट उपलब्ध व्हायला हवेत. अभिजात दर्जाचा पहिला पैसा इथे खर्च व्हावा. परिसंवादांच्या जेवणावळींवर नंतर करा.

सरकारकडे मागितले म्हणून आपली सुटका होत नाही. जावजी दादाजी, भालेराव, कोठावळे, भागवत यांतल्या कोणीही अनुदानाची वाट पाहत काम अडवून धरले नव्हते. त्यांच्यामागे वर्गणी भरणारा, अंक विकत घेणारा, तिकीट काढणारा मराठी माणूस होता. तो माणूस नाहीसा झाला की संस्था मरते, मग वर कितीही दर्जा लागो.

तुम्ही गिरगावात राहत असाल तर तुमच्या इमारतीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत पुस्तकांच्या खोलीचा ठराव लेखी मांडा आणि तो इतिवृत्तात आल्याशिवाय सही करू नका. गिरगाव सोडून गेला असाल तर जिथे आहात तिथल्या ग्रंथालयाचे या महिन्यात सभासद व्हा, साहित्य संघातल्या नाटकाचे एक तिकीट काढा, आणि घरातले जुने अंक रद्दीत देण्याआधी एखाद्या ग्रंथसंग्रहालयाला विचारा. एवढे करणार नसाल तर पुढच्या पाडव्याला ग्रंथदिंडीत चालू नका. तुम्ही त्या पुस्तकांना खांदा द्यायला आलेले नसता. फोटो काढून घ्यायला आलेले असता.